कारण सापडेपर्यंत: तरुण वयात नाडी पळते आणि का ते कळत नाही तेव्हा

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मशीनने छापलं होतं: सायनस टॅकीकार्डिया. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि कितीतरी महिने मला वाटत राहिलं, की हेच माझ्या आजाराचं नाव. ते नाव नव्हेच. त्याचा अर्थ एवढाच, की ठोका हृदयातल्या नेहमीच्या जागेतून, म्हणजे सायनस नोडमधून निघतोय आणि मिनिटाला १०० हून जास्त वेळा निघतोय. ‘अंग तापलंय’ म्हटल्याने ताप कशाचा ते कळत नाही, तसंच हे.

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्याचंही तेच. जे तपासलं त्यात काही सापडलं नाही, एवढंच ते सांगतं. काय तपासलं आणि कोणत्या क्षणी तपासलं, हे प्रश्न उरतातच. धडधड मंगळवारी रात्री झाली आणि ईसीजी गुरुवारी सकाळी निघाला, तर तो गुरुवार सकाळच्या हृदयाचा ईसीजी आहे. मंगळवार रात्रीबद्दल तो काय बोलणार? म्हणून या लेखातलं बरंचसं एकाच कामाबद्दल आहे: आपल्या हृदयाची नोंद आपण ठेवायची आणि ती योग्य माणसासमोर न्यायची. आणि हे चालू असताना दिवस कसे काढायचे, तेही.

आधी धोक्याच्या खुणा

काही वेळा वही-नोंदी बाजूला ठेवून थेट रुग्णालयात जायचं असतं. धडधडीसोबत शुद्ध हरपली, विशेषतः पळताना, पोहताना किंवा आडवं असताना. छातीत दुखतंय किंवा आवळून आल्यासारखं वाटतंय. बसल्या जागी धाप लागतेय. एकच पोटरी सुजून दुखतेय आणि श्वास पुरत नाहीये. अंगात ताप आणि ग्लानी आहे. शौचाला काळं होतंय किंवा खूप रक्त गेलंय. यांतलं काहीही असेल तर निघा. शांत बसलेलं असताना नाडी १५० च्या वर गेली आणि काही मिनिटांत उतरली नाही, तरीही निघा. त्या वेळी मिळालेला ईसीजी पुढच्या वर्षभराच्या तपासण्यांपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, झोपेत, खेळताना किंवा पोहता येत असूनही पाण्यात, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. ‘ते तर लांबचे काका होते’ म्हणून ही माहिती मागे राहते. रक्ताच्या नात्यातले काका लांबचे नसतात.

नाडी नीट मोजा

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. मोजताना आकड्याबरोबर लयही बघा: ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे सारख्या अंतराने येतात, की मधूनच एखादा चुकतो आणि पुढचा जोरात बसतो?

विश्रांतीची नाडी म्हणजे सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधीची. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० हा सर्वसाधारण पल्ला धरतात. रोज त्याच वेळी, सलग दोन आठवडे मोजा. एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका. साधा ताप असला तरी दर एका अंश सेल्सिअसमागे नाडी सुमारे १० ने वाढते.

मनगटावरचं स्मार्टवॉच उपयोगी आहे, पण ते प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची हालचाल वाचतं. पट्टा सैल असेल, हात गार असेल तर चुकतं. चालताना कधी पावलांचीच लय नाडी म्हणून दाखवतं. आकडा विचित्र वाटला की बोटांनी मोजून खात्री करा. घड्याळात ईसीजीची सोय असेल, तर धडधड सुरू असतानाच ३० सेकंदांची पट्टी काढून जतन करा. ती एकाच लीडची (हृदयाकडे एकाच कोनातून बघणारी) असली तरी तज्ज्ञाला त्यातून बरंच दिसतं.

घड्याळाची खरी किंमत मात्र झोपेत आहे. रात्री गाढ झोपेत नाडी कितीपर्यंत उतरते ते बघा. दिवसा ११५ आणि झोपेत ६२, हे एक चित्र. दिवसा ११५ आणि झोपेतही ९८, हे अगदी वेगळं. थायरॉईड जास्त काम करत असेल तर नाडी झोपेतही चढलेली राहते. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून इथे आवर्जून सांगते.

वही

नोंद छोटी असू द्या, नाहीतर चौथ्या दिवशी कंटाळा येतो. माझी एक नोंद अशी: ‘बुधवार, सकाळी ७.१०. उठून दात घासताना. १३४. हळूहळू चढली. ६ मिनिटं. बसल्यावर उतरली. डोळ्यांपुढे अंधारी. पाळीचा दुसरा दिवस. रात्री ५ तास झोप.’

यातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘हळूहळू’. धडधड कशी सुरू होते आणि कशी थांबते, यावर अर्धं निदान असतं. सायनस नोडची नाडी जिना चढावा तशी चढते आणि तशीच उतरते. हृदयातल्या विजेच्या मार्गात एखादा जादा वळसा असेल, ज्याला एसव्हीटी म्हणतात, तर दिव्याचं बटण दाबावं तशी ती सुरू होते: या ठोक्याला ८०, पुढच्या ठोक्याला १८०. थांबतेही तशीच, एका क्षणात. अशा वेळी काहींना गळ्यात ठोके आपटल्यासारखे जाणवतात, आणि थांबल्यावर भरपूर लघवीला होते. हे विचित्र वाटतं म्हणून लोक सांगत नाहीत. सांगा. धडधडीची लय टेबलावर बोटाने वाजवून दाखवता आली तर तीही दाखवा.

आणखी एक हिशेब: शांत बसलेल्या माणसाच्या सायनस नोडला १८० पर्यंत जायचं कारणच नसतं. ढोबळमानाने २२० वजा वय ही त्याची पूर्ण ताकदीने पळतानाची हद्द. पंचविशीतली व्यक्ती खुर्चीत बसून १९० वर असेल, तर शंका वेगळ्या लयीची घ्यायची.

उभं राहून दहा मिनिटं

ही चाचणी घरी होते, पण जवळ कुणीतरी असलंच पाहिजे. आधी दहा मिनिटं शांत पडून राहा, न बोलता. नाडी आणि जमलं तर बीपी मोजा. मग उभं राहा, टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटर पुढे, पाठ भिंतीला टेकलेली. हालचाल नाही. दर मिनिटाला नाडी आणि बीपी लिहा, दहा मिनिटांपर्यंत. भोवळ येतेय असं वाटलं की लगेच आडवं व्हा. पाचव्या मिनिटाला थांबावं लागलं, तर तेही उत्तरच आहे.

उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढली आणि तशीच राहिली (१२ ते १९ वर्षांच्या मुलांत ४०), बीपी फारसं पडलं नाही, आणि उभं राहिल्यावरच्या तक्रारी तीन महिन्यांहून जास्त काळ आहेत, तर पॉट्स या अवस्थेचा विचार करतात. उभं राहिल्यावर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, रक्तवाहिन्या पुरेशा आकसत नाहीत किंवा शरीरात रक्ताचं एकूण आकारमानच कमी असतं, आणि हृदय ती तूट वेगाने भरून काढू बघतं. तरुण मुलींमध्ये हे जास्त दिसतं, पुष्कळदा एखाद्या विषाणूच्या आजारानंतर, कोविडनंतरही. हे निदान पाणी कमी प्यायल्यामुळे किंवा महिनाभर अंथरुणात पडून राहिल्यामुळे झालेल्या वाढीवर लावत नाहीत, म्हणून एकाच दिवसाची चाचणी पुरत नाही. वेगवेगळ्या दिवशी सकाळी तीनदा करा.

पॉट्स हे नाव १९९३ सालचं. तक्रारी मात्र जुन्या आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड, धाप आणि थकवा जेकब मेंडिस दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहून ठेवला होता. तपासून हृदयात दोष सापडत नव्हता, पण माणसं उभी राहू शकत नव्हती. ते वाचल्यावर मला फार एकटं वाटेनासं झालं.

सरळ कारणं आधी

दुर्मीळ आजारांच्या मागे लागण्याआधी साधी कारणं एकदा नीट पुसून घ्या. रक्ताची संपूर्ण तपासणी आणि त्याबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), रक्तातील साखर, सोडियम-पोटॅशियम, बी १२. गरोदर असण्याची शक्यता असेल तर तीही चाचणी. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉईडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांत थायरॉईड वाढल्याचं खोटं चित्र उमटतं.

मग पोटात, फुप्फुसात जाणाऱ्या सगळ्याची यादी. दम्याचा इनहेलर, सर्दीच्या गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन, एडीएचडीची औषधं, वजन कमी करण्याच्या आणि व्यायामाआधीच्या पावडरी, एनर्जी ड्रिंक, कॉफी, सिगारेट आणि व्हेप, दारू, गांजा. डॉक्टरांपुढे ही यादी लपवण्यात काहीच हशील नाही. ते न्यायाधीश नाहीत, आणि लपवलेल्या गोष्टीसाठी तुमच्या वीस तपासण्या होतील. लिहून दिलेलं कोणतंही औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

कधी कधी नाडी वाढते, सोबत घाम, ठणकणारं डोकं आणि खूप चढलेलं बीपी असे झटके येतात. तेव्हा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीच्या गाठीची तपासणी करतात. ही गाठ दुर्मीळ असते. असे झटके नसतील तर त्या वाटेला जायची गरज नाही.

धडधड पकडायची कशी

रोज धडधडत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर (अंगावर बांधून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) पुरतो. आठवड्यातून एकदा होत असेल तर तोच होल्टर बहुधा कोरा येईल आणि तुम्हाला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवतील. तेव्हा दोन आठवडे छातीवर राहणारा पॅच मॉनिटर मागा. वर्षातून चार-पाचदाच होत असेल आणि त्यात शुद्ध जात असेल, तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो. तो काही वर्षं नोंद ठेवतो. उपकरण किती दिवसांचं हवं हे धडधड किती दिवसांनी येते यावर ठरतं, हे सूत्र धरून बोला. होल्टर लावलेल्या दिवशी घरी झोपून राहू नका. जिने चढा, जे केल्याने त्रास होतो ते करा, आणि त्रास झाला की बटण दाबून वेळ लिहा.

हृदयाची रचना बघायला टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) एकदा व्हायला हवा. तो चांगला आला की मोठं ओझं उतरतं.

आता पॅनिकबद्दल. तरुण मुलगी, वेगवान नाडी, स्वच्छ ईसीजी: इतक्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य ठरलेलं असतं. मला ते तीन ठिकाणी ऐकायला मिळालं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के लोकांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत बसत होती, आणि निम्म्याहून जास्त जणांचा एसव्हीटी पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. छाती अचानक १८० ने धडधडू लागली तर कुणालाही मरणाची भीती वाटेल, ती भीती धडधडीच्या मागून आलेली असते. पण उलटी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवी: चिंतेने नाडी खरोखर वाढते, आणि चिंतेचा आजार हा खराच आजार आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून ‘आधी लय पकडू या, आणि त्याबरोबर मनाचंही बघू या’ असं म्हणा. एकासाठी दुसरं सोडायचं नाही.

डॉक्टरांसमोर

भेटीला दहा मिनिटं असतात. वही पुढे ढकलली तर कुणी वाचणार नाही. एका पानावर उतरवा: कधीपासून, किती वेळा, कशी सुरू होते, सर्वांत जास्त आकडा, झोपेतला आकडा, उभं राहण्याच्या चाचणीचे आकडे, औषधं, घरातले मृत्यू. खाली दोन प्रश्न: ‘हे सायनस आहे हे धडधडीच्या वेळच्या ईसीजीवर दिसलंय का?’ आणि ‘कोणती कारणं तपासून बाद झाली?’ सगळ्या ईसीजींच्या प्रती जवळ ठेवा, नॉर्मल आलेल्यांच्याही. कारण विश्रांतीतल्या नॉर्मल दिसणाऱ्या पट्टीवर विजेच्या जादा वाटेची एक पुसटशी खूण कधी कधी असते. लुई वोल्फ, जॉन पार्किन्सन आणि पॉल डडली व्हाइट यांनी १९३० मध्ये ती वर्णन केली आणि अजूनही ती नजरेतून सुटते. हृदयाच्या विजेचे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांना इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणतात. तक्रार खरी आहे आणि उत्तर मिळत नाही, तर त्यांच्याकडे पाठवायला सांगा.

सगळं बाद झाल्यावर, विश्रांतीत १०० च्या वर आणि २४ तासांची सरासरी ९० च्या वर राहणाऱ्या त्रासदायक सायनस लयीला आयएसटी (इनअॅप्रोप्रिएट सायनस टॅकीकार्डिया) म्हणतात. माझं निदान हे. यात हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण फारच कमी आहे, हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं. एक गोष्ट मला समजून घेताना उपयोगी पडली: नसांचा सगळा प्रभाव काढून घेतला तर तरुण हृदय स्वतःच्या मनाने मिनिटाला १०० च्या आसपासच चालतं. आपली नाडी ७० दिसते, कारण व्हेगस नावाची नस लगाम ओढून धरते. प्रत्यारोपित हृदयाला ती जोडलेली नसते, म्हणून ते विश्रांतीतही ९० ते ११० ने चालतं. म्हणजे १०५ हा आकडा हृदय फाटायला आल्याचा नाही. लगाम सैल आहे, एवढंच.

मधल्या काळातले दिवस

सकाळ सर्वांत जड जाते. उशाशी दोन ग्लास पाणी ठेवा, उठण्याआधी प्या. मग बसा, पाय लोंबते ठेवून पोटऱ्या दहा-वीस वेळा हलवा, मग उभं राहा. कढत पाण्याची आंघोळ, उन्हात रांगेत उभं राहणं, एकदम भरपेट जेवण, या तीन गोष्टींनी नाडी हमखास चढते. आंघोळ कोमट करा, न्हाणीत स्टूल ठेवा, जेवण थोडं थोडं घ्या. रांगेत अडकलात तर पायांची कात्री करून मांड्या आवळा, मुठी घट्ट धरा. बघणाऱ्याला कळतही नाही.

पॉट्समध्ये दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि जास्तीचं मीठ सुचवतात. मीठ मात्र डॉक्टरांनी बीपी आणि मूत्रपिंडं बघून सांगितलं तरच. कंबरेपर्यंत येणारे घट्ट दाबाचे मोजे उपयोगी पडतात. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा फायदा फार थोडा, कारण रक्त पोटातही साठतं.

व्यायामाबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथेच मी सर्वांत मोठी चूक केली. नाडी वाढते म्हणून चालणं बंद केलं, चालणं बंद म्हणून ताकद गेली, ताकद गेली म्हणून दोन जिन्यांतच १६० होऊ लागली. या चक्रातून बाहेर यायचं तर सुरुवात आडव्यानं करा: जमिनीवर पडून पायांचे व्यायाम, पाठ टेकून चालवायची सायकल, रोइंग. पोहणंही चांगलं, पण शुद्ध हरपण्याचा इतिहास असेल तर एकट्याने मुळीच नाही. आठवड्यातून तीन दिवस, आधी दहा मिनिटं, दोन आठवड्यांनी पंधरा. बोलता येईल इतकाच वेग. उभ्याचे व्यायाम दोन-तीन महिन्यांनी. पहिला महिना काही फरक दिसत नाही आणि तिथेच बरेच जण सोडतात. मात्र विषाणूच्या आजारानंतरचा थकवा असेल, आणि थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग पूर्ण गळून जात असेल, तर हा क्रम तुमच्यासाठी नाही. तेव्हा वेग वाढवणं घातक ठरतं. विश्रांतीचं गणित डॉक्टरांबरोबर आधी बसवा.

आणि घड्याळ. मी एकेकाळी दिवसातून शंभरदा आकडा बघत असे. बघितलं की भीती, भीतीने दहा ठोके जास्त, ते बघून आणखी भीती. आता सकाळी एकदा आणि त्रास झाला तरच. सूचना बंद. दोन आठवडे हे करून बघा.

औषधांबद्दल थोडं

बीटा ब्लॉकर आणि आयव्हाब्रॅडिन या नाडीचा वेग कमी करणाऱ्या औषधांची नावं कानावर पडतील. दम्याच्या रुग्णांना बीटा ब्लॉकर त्रास देऊ शकतात, आणि ते अचानक थांबवले तर नाडी उसळी मारते, म्हणून ते उतरत्या मात्रेनेच सोडायचे. आयव्हाब्रॅडिन सायनस नोडचाच वेग कमी करतं, बीपीला फारसा हात लावत नाही. त्याने डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके दिसू शकतात, आणि गरोदरपणात ते चालत नाही. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरच्या औषधांबरोबरही नाही.

एसव्हीटी निघाला तर खरं म्हणजे आनंदाची बातमी आहे. कॅथेटर अॅब्लेशनने (शिरेतून बारीक नळी घालून तो जादा वळसा निकामी करण्याने) सर्वांत जास्त आढळणारा प्रकार दहापैकी नऊहून जास्त रुग्णांत कायमचा जातो. तोवर डॉक्टरांनी शिकवलं असेल तरच ही युक्ती: अर्धवट बसून १५ सेकंद जोराने फुंकायचं, १० मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलेल इतकं, आणि लगेच सपाट पडून कुणाकडून तरी पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरून घ्यायचे. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत अशा पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली, नुसत्या फुंकण्याने १७ टक्के. मानेवरची नाडी स्वतः चोळायला जाऊ नका. आणि आयएसटीसाठी सायनस नोडच जाळायचा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या. त्यात त्रास परत येतो, आणि पेसमेकर बसवण्याची पाळीही येऊ शकते.

घरच्यांना, कामावर

बाहेरून तुम्ही धडधाकट दिसता, म्हणून समजावणं अवघड जातं. मी आईला उभं राहण्याची चाचणी शेजारी बसून बघायला लावली. आठव्या मिनिटाला १३८ चा आकडा तिने स्वतः लिहिला. त्यानंतर ‘जरा उठून काम कर म्हणजे बरं वाटेल’ हे वाक्य घरात बंद झालं. कामाच्या ठिकाणी आजाराचं नाव सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण गरज नेमकी मागा: उभ्याच्या कामात खुर्ची, सकाळची उशिराची पाळी, पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा.

पाकिटात एक कार्ड ठेवा. माझ्या कार्डावर पाच ओळी आहेत: निदान, माझी नेहमीची विश्रांतीची नाडी (९८ ते ११०), चालू औषध आणि मात्रा, चालत नसलेली औषधं, आणि आईचा फोन नंबर. मागच्या बाजूला शेवटच्या नॉर्मल इकोची तारीख. दर सहा महिन्यांनी कार्ड नव्याने लिहिते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारते, की थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पुन्हा बघायची वेळ झाली का.